परतीच्या भाड्याचा हिशेब

मुझफ्फर अली यांचा ‘गमन’ हा चित्रपट १९७८ साली आला. उत्तर प्रदेशातील खेड्यातला गुलाम हसन आजारी आई व पत्नी खैरुन यांना मागे ठेवून मित्राच्या भरवशावर मुंबईस येतो, टॅक्सी धुतो आणि पुढे टॅक्सी चालवू लागतो, एवढेच त्याचे कथानक. फारुख शेख, स्मिता पाटील व जलाल आगा यांचा संयत अभिनय आणि जयदेव यांचे संगीत यांमुळे तो रसिकांच्या स्मरणात राहिला. परंतु एकाकीपणाची करुण कहाणी एवढाच त्याचा अर्थ लावणे अपुरे ठरेल.

गुलामला मुंबईत बोलावणारा आणि हात देणारा मित्र म्हणजे लल्लूलाल तिवारी. जे काम सेवायोजन कार्यालयाने आणि गृहनिर्माण मंडळाने करावयाचे, ते येथे एकटी मैत्री पार पाडते. महानगराला स्वस्त श्रम हवे असतात; मात्र श्रम करणारा माणूस राहील कोठे आणि आजारी पडल्यास त्याचे कोण, हा खर्च ते आपल्या खाती मांडत नाही. तो खर्च मित्र सोसतात आणि गावी राहिलेल्या स्त्रिया सोसतात. खुद्द लल्लूलालला पैसा व जागा यांच्या अभावी यशोधरेशी संसार थाटता येत नाही, आणि अखेर त्याची हत्या होते. गुलामचा एकमेव आधार तुटतो. गावी परतावे, तर साठवलेल्या पैशांतील मोठा वाटा प्रवासातच संपणार. म्हणून तो परतत नाही.

या चित्रपटानंतर एका वर्षाने, १९७९ साली, संसदेने आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा केला. त्यात जाण्यायेण्याच्या प्रवासभत्त्याची तरतूद होती. पण ती कंत्राटदारामार्फत आलेल्या मजुरांपुरती. मित्राच्या पत्रावर आलेला गुलाम त्यात बसत नव्हता. २०२० च्या संहितेने स्वतःहून आलेल्यांनाही व्याख्येत घेतले. तथापि नोकरी आस्थापनेत हवी आणि तेथे असे किमान १० कामगार हवेत, ही अट राहिलीच. स्वतःची टॅक्सी हाकणारा आजही बाहेरच आहे.

या उणिवेची किंमत २०२० च्या टाळेबंदीत देशाने पाहिली. लाखो माणसे पायी गावाकडे निघाली. श्रमिक गाड्या सुटल्यावरही तिकिटाचे पैसे कोणी भरायचे, यावर वाद झाला. अखेर २८ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाला मजुरांकडून भाडे घेऊ नये, असा आदेश द्यावा लागला.

मैत्री हा मनुष्यस्वभावाचा ठेवा आहे. तिला सामाजिक सुरक्षेचा पर्याय मानणे ही मात्र शासनाची सोय होय. प्रवासाचा आणि निवाऱ्याचा हक्क आस्थापनेला न जोडता कामगाराला जोडला गेला पाहिजे. भाड्याने मिळणाऱ्या स्वस्त खोल्या ही महानगरपालिकांची प्राथमिक जबाबदारी ठरली पाहिजे. तसे न झाल्यास गुलाम हसन फलाटावर उभा राहून गाडी सुटताना पाहतच राहील.