टपावरची डिश आणि किनवटचा ओटीपी



लातूरला माझ्या भाईची सतरा सीटची ट्रॅव्हलर आहे. लग्नाची वऱ्हाडं आणि उमऱ्याला जाणाऱ्यांना हैदराबादच्या विमानतळावर सोडणं, यावर तिचं भागतं. महिन्यातला एक रविवार मात्र भाईने वेगळा ठेवला आहे. त्या दिवशी मागच्या सीटवर फळी टाकून लॅपटॉप, प्रिंटर आणि अंगठ्याचं मशीन मांडलं जातं. मोहल्ल्यातली चार पोरं आणि मी, असे आम्ही एखाद्या गावाला जातो. कुणाचा शिष्यवृत्तीचा अर्ज, कुणाची निराधार पेन्शन, कुणाचं आधार आणि बँकेतलं नाव जुळत नाही. ऑनलाइन झालेल्या जगात ज्यांना रांगच सापडत नाही, त्यांच्यासाठी ही छोटी रांग.

अडचण रेंजची. लातूर, उदगीर, अहमदपूरला काम भराभर होतं. नांदेड जिल्ह्यात भोकर सोडून हिमायतनगर, इस्लापूर करत किनवटच्या जंगलपट्टीत शिरलं, की मोबाइलवरच्या काड्या एकेक करून मावळतात. पान अर्धं उघडतं आणि गोल चाक फिरत राहतं. बाया पोरं कडेवर घेऊन उभ्या असतात आणि आम्ही खजील होऊन म्हणतो, "जरा थांबा."

भाईचा थोरला मुलगा आखातात टेक्निशियन आहे. गेल्या नोव्हेंबरात त्याचा फोन आला. "फुफू, डिसेंबरात सुटीवर येतोय. येताना उपग्रहाच्या इंटरनेटची डिश आणतो. वहीएवढी असते, बॅगेत मावते. टपावर बसवली की जंगलातही नेट. इथं लोक वाळवंटात फिरायच्या गाड्यांवर लावतात."

मी विज्ञान शिकवते, म्हणून आधी आनंदच झाला. आपल्या गल्लीतल्या टीव्हीच्या डिश पाहा, सगळ्या दक्षिणेकडे, थोड्या पूर्वेला तोंड करून बसलेल्या असतात. कारण त्यांचे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतात आणि पृथ्वीच्या वेगानेच फिरतात, त्यामुळे आपल्याला एका जागी थांबल्यासारखे वाटतात. अशा उपग्रहावरून इंटरनेट घेतलं तर प्रश्न वर जाऊन खाली यायचा आणि उत्तरही तसंच. प्रकाशाच्या वेगानेसुद्धा जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. शिवाय गाडीने वळण घेतलं की डिशचं तोंड चुकलं. नवे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर, हजारोंच्या संख्येने फिरतात. एक मावळला की दुसरा उगवतो. त्यांची चपटी डिश स्वतः न हलता आपल्या लहरींची दिशा बदलून उपग्रहाचा माग काढते. म्हणून ती गाडीवर शोभते.

आपल्या भागाला उपग्रह नवा नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत टीव्ही दाखवला गेला. त्यात आपल्या शेजारचे गुलबर्गा, विजापूर आणि रायचूर हे जिल्हे होते. खुराड्याला लावतात तशा जाळीची दहा फुटी डिश शाळेवर किंवा पंचायतीवर बसवलेली असायची. पण ती नुसती डिश नव्हती. तिच्यामागे इस्रोची माणसं होती, बिघाड दुरुस्त करणारे होते, गावाच्या भाषेत कार्यक्रम करणारे होते आणि सरकारची परवानगी होती.

परवानगीच्या विचाराशी मी अडखळले. भाच्याला म्हटलं, "दोन दिवस थांब, विचारून सांगते."

विचारलं, वाचलं, तेव्हा कळलं ते असं. आपल्या देशात वायरलेस यंत्राला परवाना लागतो. १९३३ च्या कायद्याने तर असं यंत्र विनापरवाना नुसतं जवळ बाळगणंही गुन्हा ठरवलं होतं आणि २०२३ च्या नव्या दूरसंचार कायद्यानेही परवान्याची अट ठेवली आहे. स्टारलिंकला केंद्र सरकारचा परवाना जून २०२५ मध्ये मिळाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने तिच्याशी इरादापत्र केलं. त्यात गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि आपल्या शेजारचा धाराशिव यांची नावं आहेत. पण कंपनीला परवाना मिळणं वेगळं आणि तुमच्या-माझ्या घरी कनेक्शन मिळणं वेगळं. मधे लहरींचं वाटप, सुरक्षेची तपासणी असे टप्पे असतात. आमचं हे बोलणं चाललं तेव्हा सामान्य ग्राहकासाठी सेवा सुरू झालेली नव्हती. म्हणजे बाहेरून आणलेली डिश टपावर बसली असती, पण चालली नसती. वर विमानतळावर जाब द्यावा लागला असता.

ही नुसती भीती नाही. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी प्रवाशाकडे उपग्रहावरून संदेश पाठवणारं हातात मावेल एवढं यंत्र सापडलं आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं. त्याच्या आदल्याच महिन्यात अंदमानच्या समुद्रात अमली पदार्थांनी भरलेली बोट पकडली होती आणि तिच्यावर उपग्रह इंटरनेटचं यंत्र होतं. तेव्हापासून यंत्रणा अशा वस्तूंकडे डोळ्यांत तेल घालून पाहतात. आपलं पोरगं नेक कामासाठी आणतंय, हे बॅगेवर लिहिलेलं नसतं.

भाच्याला सांगितलं तेव्हा तो रुसला. "फुफू, नेक काम है ना? बायांची कामं अडलीत आणि तुम्ही कायदा सांगता." मी म्हटलं, "बेटा, काम नेक आहे म्हणूनच रस्ताही साफ हवा. उद्या तुझ्या पासपोर्टवर डाग लागला तर तुझी नोकरी जाईल, अब्बांची गाडी पोलिसांच्या आवारात उभी राहील आणि त्या बायांचं काम तर कुणीच करणार नाही." तो गप्प बसला. पटलं की नाही, माहीत नाही. पण डिश त्याने घेतली नाही.

डिसेंबरातल्या पहिल्या रविवारी आम्ही डिशशिवायच किनवटकडे निघालो. घाई होती. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीची मुदत १८ नोव्हेंबरवरून ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढली होती आणि त्या वस्तीतल्या बऱ्याच बायांची केवायसी राहिली होती. महिन्याचे दीड हजार रुपये म्हणजे कुणाचं औषध, कुणाच्या पोराची फी.

माझ्या डोक्यातला गैरसमज त्या दिवशी गेला. कसंबसं नेट मिळालं, पान उघडलं, आधार क्रमांक भरला. आता ओटीपी. तो येतो आधारशी जोडलेल्या मोबाइलवर, एसएमएसने आणि मोबाइलच्या टॉवरवरून. काही फोनांत वाय-फायवरून कॉल आणि संदेश येण्याची सोय असते, पण त्या बायांच्या हातातल्या साध्या फोनांत ती कुठली असणार! म्हणजे टपावर जगातली सगळ्यात भारी डिश असती, तरी लॅपटॉपवर पान झटकन उघडलं असतं आणि आम्ही ओटीपीची वाट पाहत तसेच उभे राहिलो असतो. आम्ही ज्याला नेटचा रोग समजत होतो, तो निम्मा टॉवरचा होता.

मग वस्तीतलाच एक मुलगा म्हणाला, "टीचर, देवराईच्या वरच्या अंगाला चढावर गेलं की रेंज येते. आम्ही तिथंच जाऊन बोलतो." गाडी चढावर नेली. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिमचा राउटर होता, त्याचा अँटेना बांबूला बांधून उंच केला. बाया आपापले फोन घेऊन वर आल्या. असरपर्यंत बहुतेकींचं काम झालं.

एक खाला मात्र शेवटपर्यंत बसून राहिल्या. पानावर पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यांचा ओटीपी मागत होते. खालांचे शोहर चार वर्षांपूर्वी गेले आणि वडील त्याआधीच. "आता कुणाचा नंबर देऊ, बेटी?" त्यांनी विचारलं. यावर ना टॉवर कामाचा, ना उपग्रह. सुदैवाने त्याच सुमारास सरकारने सांगितलं होतं, की ज्यांचे पती किंवा वडील हयात नाहीत त्यांनी स्वतःची केवायसी करून मृत्यूचा दाखला अंगणवाडी सेविकेकडे द्यावा. दाखला खालांच्या पेटीत होता, प्लास्टिकमध्ये नीट घडी घातलेला. आमच्या प्रिंटरवर त्याची प्रत काढली आणि सेविकाताईंच्या घरी जाऊन हातात दिली. त्या दिवशीचं सगळ्यात महत्त्वाचं काम इंटरनेटशिवाय झालं.

याचा अर्थ उपग्रहाचं इंटरनेट बिनकामाचं, असा नाही. जिथं चढावरही रेंज नाही तिथं, पुरात टॉवर बंद पडल्यावर, दवाखान्याच्या फिरत्या गाडीत त्याचा मोठा उपयोग होईल. रीतसर कनेक्शन मिळू लागलं की आम्हीही इन्शाअल्लाह घेऊ. तेव्हा ज्यांना गाडीवर बसवायचं असेल, त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

पहिलं, आकाश मोकळं हवं. निंबाखाली, वडाखाली गाडी लावली की कनेक्शन तुटत राहतं. सावली आणि सिग्नल एकाच जागी मिळत नाहीत. उन्हाळ्यात याचा विचार आधी करावा.

दुसरं, टपाला भोक पाडण्याची घाई नको. पत्र्याच्या टपावर चांगल्या लोहचुंबकाची किंवा कॅरिअरला पक्की आवळलेली बैठक चालते, पण धावत्या गाडीवरून उडाली तर मागच्या मोटारसायकलवाल्याच्या जिवावर बेतेल. भोक पाडलंच तर सिलिकॉन नीट भरावं, नाहीतर पहिल्याच पावसात पाणी गळून वायरिंगमध्ये उतरतं. गाडीच्या नोंदणीपुस्तकातल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला चालत नाही. मोठं काम करण्याआधी आरटीओत विचारावं.

तिसरं, विजेचा हिशेब. मोठी डिश साधारण ७५ ते १०० वॅट खाते, छोटी २५ ते ४०. बारा व्होल्ट, शंभर अँपिअर-अवरच्या बॅटरीत १२०० वॅट-अवर वीज मावते. साधी बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नये, म्हणजे हाती ६०० उरले. छोटी डिश ४० आणि लॅपटॉप ६०, एकूण १०० वॅट. हिशेबाने सहा तास, इन्व्हर्टरची गळती धरता पाच. गाडी ज्या बॅटरीवर स्टार्ट होते तिला हात लावू नये, वेगळी बॅटरी ठेवावी आणि बॅटरीजवळच फ्यूज बसवावा. नाहीतर अर्ज भरले जातील आणि परतताना गाडी ढकलावी लागेल.

चौथं, योजना नीट वाचावी. घरच्या पत्त्यावर घेतलेलं कनेक्शन फिरत्या गाडीत चालेलच असं नाही. प्रवासासाठीची परवानगी त्यात आहे का, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारावं.

भाचा डिसेंबरअखेर आला. बॅगेत खजूर, अम्मीसाठी शाल आणि आमच्या गाडीसाठी चांगल्या वायरचं बंडल. दुसऱ्या रविवारी तो आमच्याबरोबर आला आणि बांबूऐवजी टपावर दुमडता येणारा पाइप बसवून दिला.

आपल्या कितीतरी घरांतली मुलं बाहेर आहेत आणि सुटीवर येताना प्रेमाने काहीतरी नवं आणतात. ड्रोन, वॉकीटॉकी, उपग्रहाचा फोन, डिश. ते सामान बांधायला बसतील, तेव्हा खजूर किती आणणार याच्याबरोबर एवढंही विचारा, "बेटा, यंत्र कोणतं घेतलंस? त्याला इथं परवाना लागतो का?" विमानतळावर हा प्रश्न दुसऱ्या कुणी विचारण्यापेक्षा आईने विचारलेला बरा.