समजून घ्या : समुद्रपुरात पारा ४५ वर, मग पेट्रोलची घनता १५ अंशांवर का?

समुद्रपूर, जाम चौरस्ता किंवा हिंगणघाट, कुठल्याही पेट्रोल पंपावर घनतेचा आकडा लिहिलेला दिसतो. अनेकदा तो पावतीवरही छापलेला असतो. हा आकडा १५ अंश सेल्सिअस तापमानाचा असतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो आणि १५ अंश दिसतात ते थंडीतल्या रात्री. मग हा आकडा आपल्या काय कामाचा? कामाचा आहे, आणि थेट खिशाशी संबंधित आहे.

तापमान ठरवून का घेतात?

पेट्रोल तापले की फुगते. एका अंशाला एका लिटरमागे साधारण १.२ मिलिलिटर, डिझेल ०.९ मिलिलिटरच्या आसपास. म्हणजे ३० अंशांवर घेतलेले एक लिटर पेट्रोल १५ अंशांवर मोजले, तर सुमारे ९८२ मिलिलिटर भरते. वजन तेवढेच राहते, पण आकारमान बदलल्याने घनताही बदलते. १५ अंशांवर ७४० किलो प्रति घनमीटर असलेले पेट्रोल ३० अंशांवर ७२६ दाखवते.

आता दोन्ही बाजूंनी विचार करा. तापमान न पाहता ७२६ वाचणाऱ्या ग्राहकाला भेसळीचा संशय येईल. उलट खरोखर भेसळ करणाराही 'उन्हामुळे आकडा उतरला' म्हणून हात झटकेल. हा वाद मिटावा म्हणून सगळ्यांनी एकच तापमान मान्य केले. त्यालाच प्रमाण संदर्भ तापमान म्हणतात.

सगळीकडे १५ अंशच का नाही?

प्रत्येक क्षेत्राने आपल्या सोयीने आकडा निवडला. कारखान्यातली लांबीची मापे २० अंशांवर प्रमाणित होतात. रसायनशास्त्रात शून्य अंश धरतात. तिथला प्रमाण दाब १९८२ मध्ये एक अॅटमॉस्फिअरऐवजी एक बार झाला. त्यामुळे जुन्या पुस्तकांत एक मोल वायूचे आकारमान २२.४ लिटर, तर नव्या पुस्तकांत २२.७ लिटर दिसते. दोन्ही बरोबर आहेत, अटी वेगळ्या आहेत.

दाबाचा द्रवावर फारसा परिणाम होत नाही, वायूवर मात्र होतो. समुद्रपूरच्या नावात समुद्र असला तरी गाव समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरहून उंच आहे, त्यामुळे इथला हवेचा दाब मुंबईपेक्षा कमी. म्हणूनच पाइप गॅसचे बिल प्रमाण घनमीटरमध्ये येते. सिलिंडर आणि सीएनजी तर किलोवर विकतात, कारण वजनाला ऊन लागत नाही.

सकाळी पेट्रोल भरले तर फायदा होतो?

जवळपास नाही. पेट्रोल जमिनीखालच्या टाकीत असते आणि तिथले तापमान दिवसभरात फार बदलत नाही. खरा फरक ऋतूचा आणि प्रदेशाचा आहे. कॅनडात किरकोळ पंपही १५ अंशांचा हिशेब करून लिटर मोजतात. आपल्याकडे पंपावर जे तापमान असेल, त्यावरचे लिटर मिळते.

तुम्ही काय करू शकता?

घनता तपासून मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. पंपावर काचेच्या उभ्या भांड्यात पेट्रोल घेऊन हायड्रोमीटर आणि थर्मामीटर एकत्र बुडवतात. मग तक्त्यावरून १५ अंशांवरची घनता काढतात. टँकरसोबत आलेल्या नोंदीपेक्षा ती ३ किलो प्रति घनमीटरहून जास्त वर-खाली नसावी. बीएस-६ पेट्रोलची घनता ७२० ते ७७५ मध्ये हवी. माप कमी वाटले तर पाच लिटरच्या प्रमाणित मापाने मोजून मागा. समाधान न झाल्यास वैधमापनशास्त्र विभाग किंवा ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

हा हक्क कागदावर असून भागत नाही. रूपांतराचा तक्ता ग्राहकाला दिसेल अशा जागी, मराठीत लावायला हवा. घनतेच्या आकड्याशेजारी '१५ अंशांवर' हे दोन शब्दही ठळक हवेत. त्याला खर्च फारसा नाही. पण विदर्भाच्या उन्हात रांगेत उभ्या असलेल्या माणसाला आपण नेमके काय विकत घेतो आहोत, हे त्यातूनच कळेल. तोवर पुढच्या वेळी नुसता आकडा वाचू नका. 'किती अंशांवर?' हेही विचारा.