मोडावा की विकावा?

वर्षातून एकदाच, लक्ष्मीपूजनाच्या ताटात बाहेर पडणारे रुपये बहुतेक घरांत असतात. एखादा राणीछाप, बाकीचे राजाचे. हळदकुंकू वाहून त्यांना नमस्कार करायचा, दुसऱ्या दिवशी पुसून पुन्हा लाल फडक्यात बांधायचे, आणि ती पुरचुंडी कपाटाच्या कोणत्या कोपऱ्यात आहे हे वर्षभर घरातल्या एकाच बाईला ठाऊक असायचे, असा हा रिवाज. पण अलीकडे या पुरचुंडीवर एक गंडांतर आले आहे. घरातलाच एखादा नातू किंवा भाचा मोबाइल नाचवीत येतो आणि म्हणतो, "आजी, या रुपयाचे पाच लाख येतात!" झाले! त्या रात्रीपासून घराची झोप उडाली म्हणून समजा.

नंदुरबार जिल्ह्यात कळसाडीला माझ्या मामीकडे गेल्या वर्षी हेच झाले. मामीची नात नर्सिंगच्या शाळेत आहे. फीचा पुढचा हप्ता पौषाच्या आत भरायचा होता, कापसाचे पैसे व्यापाऱ्याकडे अडकले होते, आणि पुरचुंडीत रुपये होते तेवीस. नातवाने त्यांची छायाचित्रे कुठेशी पाठवली. लगेच फोन आला. एका रुपयाचे पाच लाख पक्के. मात्र आधी 'नोंदणी'चे अडीच हजार भरा. सोबत रिझर्व्ह बँकेच्या नावाचे, शिक्का असलेले पत्रसुद्धा! मामीने फीसाठी जमवलेल्या पैशांतून अडीच हजार काढून उशाखाली ठेवले, आणि मग मला फोन केला. "भाऊ, तू पेपरात लिहितोस. हे खरं असतं का रे?"

खरे नसते. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये पत्रक काढून स्पष्ट सांगितले आहे की, जुनी नाणी-नोटा विकण्या-विकत घेण्याच्या भानगडीत बँक पडत नाही, त्यासाठी कसलेही शुल्क किंवा दलाली घेत नाही, आणि आपल्या नावाने ती घेण्याचा अधिकारही तिने कुणाला दिलेला नाही. ज्याला नाणे हवे असते तो पैसे देतो, मागत नाही. एवढे ऐकल्यावर अडीच हजार उशाखालून पुन्हा डब्यात गेले. पण फीचा प्रश्न होता तिथेच होता. तेव्हा मी एसटीत बसलो आणि कळसाडी गाठली.

ओसरीवर चादर अंथरून आम्ही तेवीस रुपये मांडले. सगळ्यांचा समज असा की, जितका जुना तितका महाग. हा समज साफ चुकीचा. शिवराईचे तांब्याचे नाणे तीनशे वर्षांपूर्वीचे असू शकते, पण शिवराया इतक्या पडल्या की साधी शिवराई आजही फारशी महाग नाही. छत्रपतींचा सोन्याचा होन मात्र अतिदुर्मिळ. राणीच्या रुपयावर १८६२ साल पाहून लोकांचे डोळे विस्फारतात. पण ते साल न बदलता टांकसाळींनी पुढे दहा-बारा वर्षे तसेच रुपये पाडले, हे किती जणांना माहीत असते? उलट १९३९ सालचा सहाव्या जॉर्जचा रुपया वयाने पोरसवदा, तरी दुर्मिळ. आणि दुर्मिळ म्हणूनच त्याच्या नकला फार.

दुसरी गोष्ट चांदीची. १९३९ पर्यंतच्या रुपयात शेकडा ९१.७ चांदी असे. वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि त्यात शुद्ध चांदी सुमारे १०.७ ग्रॅम. युद्ध सुरू झाले आणि १९४० पासून चांदी निम्म्यावर आली. १९४७ चा रुपया तर निव्वळ निकेलचा; लोहचुंबक लावा, टपकन चिकटतो. मामीच्या नातवाने दाराच्या कडीवरचे चुंबक आणून एकेक रुपया तपासला. दोन चिकटले. तीन युद्धातले निघाले. सतरा रुपये सातव्या एडवर्डचे आणि पाचव्या जॉर्जचे, अगदी सर्वसाधारण. एडवर्डच्या डोक्यावर मुकुट नसतो, म्हणून त्याला त्या घरात 'टकल्या' म्हणतात.

उरला एक. साल १९११.

त्या साली पाचव्या जॉर्जचा नवा रुपया निघाला. राजाच्या झग्यावर हत्तीचे चिन्ह होते, पण कारागिराने सोंड इतकी आखूड काढली की लोकांना तो हत्ती डुकरासारखा दिसला. बोभाटा झाला. सरकारने रुपये मागे घेतले, बहुतेक वितळवले, आणि १९१२ पासून हत्तीला नीट सोंड दिली. जे थोडे बाहेर राहिले त्यांना संग्राहक अजून 'डुकरी रुपया' म्हणून शोधतात. त्यांतला एक कळसाडीच्या पुरचुंडीत!

आनंद झाला खरा, पण तो रुपया आरशासारखा लखलखत होता. मामीने चाळीस दिवाळ्या त्याला चिंच आणि राख लावून घासला होता. घरच्या लक्ष्मीला ते शोभते. संग्राहकाला ते पाहवत नाही. त्याला नाण्यावरचा काळपट थर जसाच्या तसा हवा असतो, कारण घासण्याबरोबर उठावही झिजतो. राजाच्या दाढीचे केस सपाट झाले होते. हत्ती, की डुक्कर म्हणा, कसाबसा ओळखू येत होता. तुमच्या घरी जुने नाणे असेल तर यंदा निदान चिंच त्याच्यापासून दूर ठेवा.

आता विकावा कुठे? नातू म्हणाला, शहाद्याचा सराफ. मी म्हटले, सतरा साध्या रुपयांसाठी सराफ वाईट नाही. २०२५ साली चांदी किलोला लाखाच्या बरीच वर गेली, त्यामुळे साध्या रुपयाची मोड आणि नाणेविक्रेत्याचा भाव यांत फार अंतर उरले नाही. पण डुकरी रुपया त्याच तराजूत टाकणे म्हणजे जातिवंत घोडा पाठीवर किती ओझे नेतो यावर विकण्यासारखे. हे त्यांना चटकन पटले, कारण सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा त्या मुलखात कोणाला सांगावी लागत नाही. तिथे घोडेवाला पहिल्या गिऱ्हाइकाला घोडा देतो का? घोडा चालवून दाखवतो, दात दाखवतो, चार जणांना बोलू देतो. भाव घोड्याला नसतो, त्याच्याभोवती जमलेल्या गिऱ्हाइकांना असतो.

मुलीचा मामा मुंबईच्या लिलावाचे म्हणाला. लिलाव उत्तम, पण फार चांगल्या नाण्याला. तिथे छापील यादी निघते, महिने जातात, विकल्यावर दलाली कापून पैसे हातात पडायला आणखी वेळ लागतो. आमचा हप्ता पौषातला! शिवाय लिलावाला एक नव्हे, दोन हौशी लागतात. जहांगीर बादशहाने १६१३ साली आग्र्याला पाडलेली हजार मोहोरांची एक मोहोर, वजन सुमारे १२ किलो, १९८७ मध्ये जिनिव्हाला लिलावात उभी केली होती. साऱ्या जगात गाजावाजा झाला, पण बोली मालकाच्या अपेक्षेपर्यंत चढलीच नाही. बादशहाची ही गत, तर आमच्या घासलेल्या रुपयाची काय कथा?

दुबईतल्या पुतण्याने तिकडे पाठवा म्हणून कळवले. तेही नाही. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरचे नाणे पुरावस्तू ठरते आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. शेत नांगरताना सापडलेल्या नाण्यांची तर गोष्टच वेगळी. १८७८ चा कायदा अजून आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडले तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावे लागते. सुदैवाने आमचे रुपये आजेसासूच्या पेटीतले होते.

शेवटी ठरले ते नाण्यांचे प्रदर्शन. मोठ्या शहरांत संग्राहकांच्या संस्था ती भरवतात. एका छपराखाली वीस-पंचवीस विक्रेते टेबले मांडून बसलेले असतात. सारंगखेड्याचीच शहरी आवृत्ती म्हणा. नातू पुण्याला माझ्याकडे आला. वजन आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रे आम्ही घरीच करून ठेवली होती, आणि रुपया कुणाच्याही हाती सोडून चहाला जायचे नाही असे पोराला बजावले होते.

पहिल्या टेबलावरच्या गृहस्थाने भिंग लावून पाहिले आणि "घासलाय" म्हणून चांदीच्या दुप्पट सांगितले. दुसऱ्याने तिप्पट. तिसरा नुसताच हसला. चौथ्याकडे एक वयस्कर संग्राहक आधीच बसले होते, त्यांनी रुपया हातात घेतला आणि विक्रेत्याच्या चेहऱ्यावर जरा अस्वस्थपणा दिसला. तिथेच थांबायचे असते! दोघांत चढाओढ लागून भाव चांदीच्या पाचपटीच्या पुढे गेला. विक्रेत्याने जागेवर पैसे दिले, पावतीही दिली. पाच लाख नव्हेत. पण एकाच रुपयाने पाच साध्या रुपयांचे काम केले. साध्यांपैकी बारा दुसऱ्या दिवशी विकले, त्यांना मोडीपेक्षा थोडे अधिक मिळाले. हप्ता भरून चार पैसे उरले, त्यातून मुलीने गणवेशाचे बूट घेतले.

मामीने पावती देवघरात ठेवली आहे. तिला एकच चुटपुट आहे: ज्या म्हाताऱ्या गृहस्थांना रुपया मिळाला नाही, त्यांना फार वाईट वाटले असेल का? मी त्यांना पुढच्या प्रदर्शनात गाठीन म्हणून सांगितले आहे. निकेलचे दोन मात्र ती विकायला तयार नाही. ते चिकटतात म्हणून नातवाला आवडतात.