समुद्राचा जमाखर्च आपल्याच जहाजांनी मांडावा

चैत्र पौर्णिमेला कोल्हापूरजवळच्या वाडी रत्नागिरीचा डोंगर गुलालाने न्हाऊन निघतो. गावोगावच्या उंच सासनकाठ्या आकाशाशी स्पर्धा करतात आणि जोतिबाच्या नावाने चांगभल्याचा गजर दऱ्याखोऱ्यांत घुमतो. याच दिवसांच्या आसपास, ५ एप्रिलला, देश राष्ट्रीय सागरी दिन पाळतो. १९१९ साली याच दिवशी सिंदिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनच्या प्रवासाला निघाले होते. परकीय कंपन्यांच्या मक्तेदारीला आव्हान देणाऱ्या त्या उपक्रमामागे सोलापूरचे सुपुत्र वालचंद हिराचंद यांची जिद्द होती. डोंगरावरच्या भाविकाचा आणि समुद्रावरच्या खलाशाचा परस्परांशी काय संबंध, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. हा संबंध वाऱ्याचा आहे.

चैत्राच्या यात्रेनंतर दोन महिन्यांच्या आत अरबी समुद्रावरून नैऋत्य मोसमी वारे येतात आणि जोतिबा-पन्हाळ्याचे डोंगर ढगांत बुडून जातात. शेतकरी ज्याची वाट पाहतो तो हा पाऊस सर्वांना दिसतो. परंतु तेच वारे समुद्रात दुसरेही एक काम करीत असतात. सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यालगतचे पृष्ठभागावरचे पाणी ते दूर लोटतात आणि त्याच्या जागी खोलवरचे थंड पाणी वर येते. केरळपासून गोव्यापर्यंतच्या आपल्या किनाऱ्यालगतही या ऋतूत कमीअधिक प्रमाणात हेच घडते. हे खालचे पाणी पोषक क्षारांनी समृद्ध असते, म्हणून पावसाळ्यानंतर मासळी वाढते. मात्र त्यात वर्षानुवर्षे साठलेला कार्बन डायऑक्साइडही असतो. बाटलीचे झाकण उघडताच सोड्यातून वायू निसटावा, तसा तो समुद्राच्या पृष्ठभागावरून हवेत जातो.

श्वास घेणारे आणि सोडणारे समुद्र

औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहे. मनुष्य दरवर्षी जेवढा कर्बवायू हवेत सोडतो, त्याचा सुमारे एक चतुर्थांश भाग जगातील महासागर पोटात घेतात. ही निसर्गाची मोठी कृपा आहे, पण ती विनामूल्य नाही. हा वायू पाण्यात विरघळल्यामुळे समुद्राच्या पृष्ठभागाची आम्लता औद्योगिक काळाच्या प्रारंभापासून सुमारे ३० टक्क्यांनी वाढली आहे. शंखशिंपल्यांना आणि प्रवाळांना आपली कवचे घडविणे त्यामुळे कठीण होत चालले आहे.

सगळे समुद्र मात्र सारखे वागत नाहीत. गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात ‘सागर कन्या’ या संशोधन जहाजावरून अरबी समुद्राच्या वेगवेगळ्या ऋतूंत मोजण्या केल्या. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार मध्य व पूर्व अरबी समुद्र वर्षभर कर्बवायू हवेत सोडणारा आहे. पावसाळ्यात खालचे पाणी वर येते, तर हिवाळ्यात उत्तरेकडचे पृष्ठजल थंड व जड होऊन खाली जाते आणि खालचे पाणी पुन्हा ढवळून निघते. बंगालच्या उपसागराची गोष्ट वेगळी आहे. गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी, कृष्णा अशा नद्यांचे गोडे पाणी तेथे हलक्या थराप्रमाणे पसरते आणि खालचे पाणी सहजी वर येऊ देत नाही. त्याच्या उत्तर भागात कर्बवायू शोषला जात असल्याचेही भारतीय शास्त्रज्ञांना आढळले आहे.

या हिशेबात जोतिबाच्या डोंगराचाही वाटा आहे. तेथे पडणारा पाऊस जवळच्या अरबी समुद्राला मिळत नाही. तो पंचगंगेतून नरसोबावाडीला कृष्णेत जातो आणि सारे दख्खन ओलांडून पूर्वसमुद्राला मिळतो. पावसाच्या थेंबात विरघळलेला कर्बवायू आपल्या काळ्या कातळाला अतिशय सावकाश झिजवितो आणि क्षाररूपाने नदीवाटे समुद्रात पोहोचतो. लाखो वर्षांच्या कालमानात पृथ्वीचे तापमान आवरून धरण्यात दख्खनच्या या कातळाने मोठी भूमिका बजावली आहे.

मालवाहू जहाज हीच प्रयोगशाळा

समुद्र घेतो किती आणि देतो किती, हे ठरवायचे तर पृष्ठभागाच्या पाण्यातील आणि हवेतील कर्बवायूच्या दाबाची तुलना करावी लागते. पाण्यातील दाब अधिक असेल तर वायू हवेत जातो, हवेतील अधिक असेल तर पाण्यात मुरतो. ही तुलना एका जागी एकदा करून भागत नाही. ती ऋतूऋतूंत, वर्षानुवर्षे आणि हजारो मैलांवर करावी लागते. संशोधन जहाजे मोजकी आहेत आणि त्यांचा एकेक दिवस महाग असतो. म्हणून शास्त्रज्ञांची दृष्टी व्यापारी जहाजांकडे वळली. ती तशीही ठरलेल्या मार्गाने महिन्यामागून महिने ये-जा करीत असतात.

यंत्रणा समजण्यास अवघड नाही. इंजिन थंड ठेवण्यासाठी जहाज समुद्राचे पाणी आत घेतच असते. त्यातील एक धार बंदिस्त पात्रात फवारली जाते. पात्रातील हवा आणि पाणी यांच्यातील वायूचा दाब समान झाला की ती हवा कोरडी करून अवरक्त किरणांच्या मापकात नेली जाते. कार्बन डायऑक्साइड विशिष्ट अवरक्त किरण शोषतो, त्यावरून त्याचे प्रमाण कळते. ठरावीक तासांनी, प्रमाण आधीच ठाऊक असलेल्या वायूच्या नळकांड्यांशी यंत्र पडताळले जाते. तपमान मात्र काटेकोरपणे मोजावे लागते. पाणी एका अंशाने तापले तर हा दाब सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. चारशेच्या आसपासच्या मापात ही सोळा एककांची चूक ठरते, आणि शास्त्रज्ञांना अचूकता हवी असते दोन एककांची. म्हणून पाणी जहाजात शिरताना किती उष्ण होते आणि पात्रात पोहोचल्यावर किती, हे दोन्ही नोंदवावे लागते.

जपानच्या राष्ट्रीय पर्यावरण संस्थेने १९९५ पासून ‘स्काउग्रान’ या मालवाहू जहाजावर अशी मोजणी करून जपान ते कॅनडा हा मार्ग पिंजून काढला. पुढे मोटारी वाहून नेणाऱ्या ‘पिक्सिस’ जहाजाने तेच काम हाती घेतले. ‘एक्सप्लोरर ऑफ द सीज’ हे सहलीचे जहाज २००२ पासून कॅरिबियन समुद्रात ही यंत्रे घेऊन फिरू लागले. ग्रीनलंडला रसद पोहोचविणाऱ्या ‘नुका आर्क्टिका’नेही उत्तर अटलांटिकच्या नोंदी दिल्या. या साऱ्या मोजण्या ‘सोकॅट’ नावाच्या जागतिक संग्रहात एकत्र होतात. २०११ मध्ये तो प्रथम प्रसिद्ध झाला आणि आज त्यात तीन कोटींहून अधिक नोंदी आहेत. त्याच्या नकाशावर उत्तर अटलांटिक आणि उत्तर पॅसिफिक रेषांच्या जाळ्याने भरून गेले आहेत. भारताच्या नावाने ओळखला जाणारा महासागर मात्र बराचसा रिकामा दिसतो.

दुसऱ्याच्या वहीत आपला हिशेब

या रिकाम्या जागेची कारणे आहेत. किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैलांपर्यंतच्या क्षेत्रात परकीय जहाजांना संशोधनासाठी भारताची अनुमती लागते. १९७६ चा आपला कायदाच तसा आहे आणि तो योग्यही आहे. परंतु दुसऱ्याला दार बंद करणाऱ्याने घरातील मोजमाप स्वतः केले नाही, तर घर अज्ञातच राहते. २००८ नंतर काही वर्षे सोमाली चाचेगिरीमुळे पश्चिम अरबी समुद्रात संशोधन जहाजे नेणे धोक्याचे झाले होते, हेही विसरता येत नाही.

नोंदी नसल्या म्हणून हिशेब थांबत नाही. तो अनुमानाने आणि संगणकीय प्रारूपांनी भरला जातो. जगाने आणखी किती कर्बवायू सोडला तर तपमान कोठवर जाईल, हे गणित समुद्र किती शोषतो यावर अवलंबून आहे. त्या गणितावरूनच विकसनशील देशांना किती वाव उरला, याची चर्चा जागतिक परिषदांत होते. २०२१ साली ग्लासगो येथे भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले. असा शब्द देणाऱ्या देशाजवळ आपल्या समुद्राच्या आकड्यांचे स्वतःचे प्रमाण असावयास हवे. शिवाय समुद्रात क्षार मिसळून त्याची शोषणशक्ती वाढविण्याचे प्रस्ताव आता जगभर पुढे येत आहेत. उद्या कोणी कोकण किनाऱ्यावर असा प्रयोग करू म्हटले, तर त्यापूर्वीची स्थिती काय होती, हे कोणाच्या वहीतून पाहावयाचे?

अडचणी आणि त्यांचे उत्तर

यावर आक्षेप घेतले जातात आणि ते उडवून लावण्याजोगे नाहीत. यंत्रघरातील कर्मचाऱ्यांवर आधीच कामाचा भार असतो. जहाज विकले जाते वा मार्ग बदलते आणि नोंदींची साखळी तुटते. यंत्रे नाजूक, देखभाल नित्याची, आणि मालकाला त्यातून नफा नाही. पण समुद्रावरील हवामानाच्या नोंदीही अशाच परिस्थितीत सुरू झाल्या होत्या. १८५३ च्या ब्रुसेल्स परिषदेत सागरी राष्ट्रांनी जहाजांवरून एकसमान नोंदी घेण्याचे ठरविले, आणि आज व्यापारी जहाजांची निरीक्षणे हवामानशास्त्राचा कणा आहेत. जे वाऱ्याच्या बाबतीत जमले, ते पाण्याच्या बाबतीतही जमू शकते.

आपल्याकडे तर याचा पाया आधीच घातलेला आहे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने १९९० पासून चेन्नई, पोर्ट ब्लेअर (आताचे श्रीविजयपुरम) आणि कोलकाता यांना जोडणाऱ्या जहाजांवरून समुद्राच्या निरनिराळ्या खोलींवरील तपमान मोजले. २००२ पासून कोची ते लक्षद्वीप या मार्गावरही ते काम सुरू झाले. वाटेत पाण्याचे नमुने घेऊन क्षारताही तपासली गेली. २०१३ मध्ये बंगालच्या उपसागरात कर्बवायू व आम्लता मोजणारा तरंगता मापक अमेरिकेच्या सहकार्याने नांगरला गेला. तो एका जागेची गोष्ट सांगतो, जहाज साऱ्या मार्गाची सांगते. अंदमान व लक्षद्वीपच्या बोटींवर आणि मुंबई-न्हावाशेवाहून आखाताकडे जाणाऱ्या भारतीय जहाजांवर ही यंत्रे बसविणे, ही या वाटचालीची स्वाभाविक पुढची पायरी आहे. विशेषतः ऐन पावसाळ्यात, जेव्हा संशोधन मोहिमा कठीण होतात, तेव्हाही मालवाहू जहाजे खवळलेल्या अरबी समुद्रातून जातच असतात. आणि नेमक्या त्याच महिन्यांच्या नोंदी सर्वाधिक मोलाच्या आहेत.

यासाठी तीन गोष्टी व्हाव्यात. भारतीय नौवहन महामंडळाच्या निवडक जहाजांवर निश्चित मुदतीसाठी मोजणी बंधनकारक करून देखभालीचा खर्च शासनाने उचलावा. बांधणीच्या वेळीच यंत्रासाठी जागा आणि पाण्याची नळी ठेवण्याचा नियम नव्या जहाजांना लागू करावा. आणि यंत्रे शक्य तेवढी येथेच घडावीत. ज्या कोल्हापूरच्या शिरोली व गोकुळ शिरगावच्या ओतशाळांतून यंत्रांचे सुटे भाग दूरदूर जातात, त्या कारागिरांना पाणी फवारण्याचे बंदिस्त पात्र आणि त्याच्या झडपा बनविणे अशक्य नाही. सूक्ष्म मापक प्रारंभी बाहेरून आणावा लागला तरी बाकीचे स्वदेशी होऊ शकते.

मिळालेल्या नोंदी मात्र कपाटात कुलूपबंद करू नयेत. संरक्षणाच्या दृष्टीने जेवढे राखून ठेवणे आवश्यक, तेवढे जरूर राखावे. उरलेले जगाच्या संग्रहात भारताच्या नावाने जावे. नोंदी देणाऱ्याचे म्हणणे ऐकले जाते, केवळ मागणाऱ्याचे नाही. वालचंदांच्या पिढीने भारतीय माल भारतीय जहाजातून जावा, यासाठी झुंज दिली. भारताच्या समुद्राचे मोजमाप भारतीय जहाजांनी करावे, हे आजच्या पिढीचे काम आहे. त्या वेळी समोर बलाढ्य परकीय कंपन्या होत्या. आज आड येते ती केवळ आपली उदासीनता, आणि ती दूर करण्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही.