कंपनी बदला, नंबर मात्र सांभाळा

आपल्याकडचा शेतकरी एकदा एखाद्या मालाला धरून बसला की सहसा सोडत नाही. सोयाबीनचं जेएस ३३५ घ्या. १९९४ साली प्रसारित झालेला हा वाण. पुढे फुले संगमसारखे नवे वाण आले, विद्यापीठांनी शिफारशी केल्या, आम्ही खात्याच्या लोकांनी बांधावर बैठका घेतल्या, तरी कितीतरी वर्षं ‘आमच्या रानात हेच येतं’ हे उत्तर ठरलेलं. मोबाइल कंपनीच्या बाबतीतही तेच चाललं आहे. शिवारात रेंज नाही, बोलायचं तर विहिरीच्या कठड्यावर उभं राहावं लागतं, तरी ‘पहिल्यापासून हेच कार्ड आहे’ म्हणून माणूस त्याच कंपनीला पैसे भरत राहतो.

माझ्या मते ही निष्ठा कंपनीवरची नाहीच. ती नंबरवरची आहे. अडत्याकडे, डेअरीत, सोसायटीत, बँकेत, पाहुण्यारावळ्यांत, सगळीकडे तोच नंबर दिलेला. कंपनी सोडली तर नंबर जाईल ही धास्ती. एके काळी ती खरी होती. पण नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय नोव्हेंबर २०१० मध्ये हरियाणात सुरू झाली आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर आली. ३ जुलै २०१५ पासून तर दुसऱ्या राज्यात गेलं तरी नंबर तोच राहतो. तरीही ‘पोर्ट’ म्हटलं की म्हातारी माणसं अजून बिचकतात, आणि दुकानदारही नवं कार्ड गळ्यात मारायला बसलेलाच असतो.

बरं, कंपन्यांनी तरी आपल्याशी कुठं निष्ठा पाळली? रिलायन्स कम्युनिकेशन्सने २०१७ अखेर मोबाइलवरची बोलण्याची सेवा गुंडाळली. एअरसेल २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली. टाटाचे ग्राहक २०१९ मध्ये एअरटेलकडे गेले. महाराष्ट्रात गावोगाव पाट्या लागलेली आयडिया ऑगस्ट २०१८ मध्ये व्होडाफोनमध्ये मिसळली आणि २०२० मध्ये तिचं नावही पुसलं गेलं. ग्राहकाला कुणी विचारलं नाही. हँडसेटचंही तसंच. २००३ साली आलेला बॅटरीवाला नोकिया ११०० रात्रीच्या पाळीला दारं धरणाऱ्या माणसाचा खरा सोबती होता; धुळीला, पडण्याला दाद देत नव्हता. लोकांनी त्यावर प्रेम केलं ते उगाच नाही. पण २०१४ मध्ये नोकियाने हँडसेटचा धंदाच मायक्रोसॉफ्टला विकून टाकला.

जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा मात्र निष्ठा डळमळली. त्या एका महिन्यात बीएसएनएलचे मोबाइल ग्राहक सुमारे २९ लाखांनी वाढले. पण त्याच वर्षी नोव्हेंबरपासून आकडा पुन्हा घसरू लागला. याचा अर्थ सरळ आहे. लोक दर बघून गेले, रानात रेंज आहे का हे बघून गेले नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये बीएसएनएलने स्वदेशी बनावटीचं फोर जी देशभर सुरू केलं आहे, तेव्हा काही गावांत चित्र बदललं असेल. पण ते आपल्या बांधावर उभं राहूनच ठरवायचं. बियाणाची उगवण क्षमता आपण घरी गोणपाटात शंभर दाणे ठेवून तपासतो ना? तसंच शेजाऱ्याचा दुसऱ्या कंपनीचा फोन घेऊन घर, गोठा, विहीर आणि लांबचं रान असं एकदा फिरून यायचं. कंपनीच्या संकेतस्थळावर रेंजचा नकाशा असतो, पण नकाशाला खोरं आणि डोंगराची आड कळेलच असं नाही.

आता खरी काळजीची गोष्ट. दरवाढीनंतर काहींनी कंपनी बदलली नाही, नंबरच सोडून दिला. जुनं कार्ड रिचार्ज न करता फडताळात टाकलं, स्वस्तातलं नवं घेतलं. इथं माणूस फसतो. आधारला जुना नंबर, बँकेला जुना नंबर, फार्मर आयडीला जुना नंबर. पीएम किसानची ई-केवायसी करायला बसलं की ओटीपी जातो फडताळातल्या कार्डावर. महाडीबीटीवर अर्ज करतानाही तीच गत. प्रीपेड कार्ड सलग ९० दिवस वापरलंच नाही आणि त्यात शिल्लकही नसली तर ते बंद होऊ शकतं, आणि बंद झाल्यावर आणखी किमान ९० दिवसांनी तोच नंबर दुसऱ्या कुणालाही दिला जाऊ शकतो. मग आपल्या खात्याचा ओटीपी भलत्याच माणसाच्या हातात.

ई-केवायसी अंगठा देऊन सीएससी केंद्रावर किंवा ॲपमध्ये चेहरा दाखवूनही होते, हे खरं. पण बँकेचं काय, आणि दर वेळी तालुक्याला खेप कोण घालणार? ज्यांनी नंबर सोडलाच आहे त्यांनी हप्ता अडकायची वाट न बघता आधी आधारला आणि मग बँकेत नवा नंबर लावून घ्यावा.

कंपनी बदलायची कृती फार अवघड नाही. मोबाइलवरून PORT असा इंग्रजी शब्द, जागा सोडून आपला नंबर, हे १९०० वर पाठवायचं. उत्तरात एक कोड येतो, तो आपल्याकडे चार दिवस चालतो. तो आणि आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात तीन कामाच्या दिवसांत काम होतं. सध्याच्या कंपनीत ९० दिवस पुरे झालेले हवेत, बिलाचं कार्ड असेल तर बाकी चुकती हवी. जुन्या रिचार्जचे उरलेले पैसे मात्र बुडतात, म्हणून पॅक संपत आल्यावरच हे करावं. रिचार्ज नाही म्हणून १९०० चा मेसेज अडवू नये, असा आदेश ट्रायने डिसेंबर २०२१ मध्ये कंपन्यांना दिलेला आहे. कुणी अडवलं तर हे सांगावं.

बटणाचा फोन वापरणाऱ्या आजोबांसाठी नेटचं पॅक कशाला? डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने फक्त बोलणं आणि मेसेज यांचं वेगळं पॅक ठेवणं कंपन्यांना भाग पाडलं. दुकानदार आपणहून सांगेलच असं नाही, विचारावं लागतं.

ग्रामपंचायत अधिकारी आणि तलाठी भाऊसाहेबांना एक विनंती. ई-पीक पाहणीच्या दिवसांत माहिती पाठवायला रेंज लागतेच, आणि खोळंबा झाला की शिव्या तुम्हालाच बसतात. शाळा, वस्ती, गायरान, लांबची शिवारं, कुठं कोणती कंपनी लागते याची यादी एकदा करून फलकावर लावता येईल. चार कंपन्यांचे चार फोन आणि एक शिपाई, एवढंच लागतं. वीज गेल्यावर टॉवर मुका होत असेल तर ग्राहकांनी स्वतः कंपनीच्या मदत क्रमांकावर तक्रार द्यावी, दाद लागली नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जावं. फोनवर मिळालेला तक्रार क्रमांक लगेच वहीत लिहून ठेवावा, पुढच्या अपिलात आधी तोच मागतात.