होडीसाठी जीपीएस यंत्र घेताना

गेल्या चैत्रात माझ्या मेहुण्याचा मुलगा हर्णैहून भोपाळला आला, तो पिशवीत दोन वस्तू घेऊनच. एक आपल्या आत्यासाठी आमसुलांची पुडी आणि दुसरी माझ्यासाठी, जुन्या पंचात गुंडाळलेले एक जीपीएस यंत्र. "आतोबा, तुम्ही पाटबंधारे खात्यात सारा जन्म नकाशांत घालवलात. हे यंत्र ठेवू की नवे घेऊ, आणि घ्यायचे तर कसले, एवढे सांगा," असे म्हणून त्याने ते माझ्या टेबलावर ठेवले.

नेहरू नगरात राहणाऱ्या माणसाला समुद्रावरच्या होडीविषयी सल्ला विचारावा, याचे वाचकांना हसू येईल. आमच्या घरातही ते आलेच. पण भोपाळला पाणी आणि नावा यांचे वावडे नाही. याच गावच्या मोठ्या तलावावर शिडाची नाव चालवायला शिकलेल्या नेहा ठाकूर या मुलीने हांगझाऊच्या आशियाई स्पर्धांत, २०२३ साली, रौप्यपदक मिळविले. शिवाय मुलाचा प्रश्न हौसेचा नव्हता. त्यामागे एका रात्रीची हकीकत होती, ती आधी सांगितली पाहिजे.

त्याची होडी फायबरची, लहान. एरवी मासेमारी आणि सुटीच्या दिवसांत पाहुण्यांना सुवर्णदुर्ग दाखवून आणणे, असा तिचा दुहेरी संसार. त्यापूर्वीच्या कार्तिकात एका संध्याकाळी किनाऱ्यापासून तीनेक सागरी मैलांवर इंजिन बंद पडले. होडीत तो, एक खलाशी आणि त्याचा बारा वर्षांचा मुलगा. नांगर टाकला, तो धरला. मोबाईलला जेमतेम आवाज होता. त्याने यंत्रावरचे आकडे वाचून घरी सांगितले: सतरा अंश, अठ्ठेचाळीस, पन्नास. मग मोबाईल निमाला. घरच्यांनी ते कागदावर टिपले, १७ अंश ४८ मिनिटे ५० सेकंद. शेजारची होडी त्या जागी गेली आणि तिथे कोणी नव्हते. अंधारात त्या होडीच्या इंजिनाचा आवाज आमच्या मंडळींना ऐकू येत होता. यांच्या विजेरीचे सेल मरायला टेकलेले. लाटांच्या वर तिचा उजेड कोणाला दिसेना. मग तो इंजिनाचा आवाज दूर जातानाही ऐकू आला. दोन तासांनी ती होडी फिरून दक्षिणेकडे वळली म्हणून भेट झाली. मुलगा तेव्हापासून होडीत बसतो, पण विजेरी हातातून सोडीत नाही.

चूक कोणाची? यंत्राने दाखविले होते ४८.५० मिनिटे, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे आणि वर अर्धे मिनिट, म्हणजेच तीस सेकंद. ऐकणाऱ्याने पन्नास सेकंद लिहिले. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर. वीस सेकंदांची ही तफावत सहाशे मीटरांहून अधिक झाली. यंत्र अचूक होते, बोलणारा खरे बोलला, लिहिणाऱ्याने ऐकले तेच लिहिले. मध्ये एक दशांशचिन्ह तेवढे पाण्यात पडले.

म्हणून मी त्याला प्रथम दुकानात न नेता भदभद्याकडे नेले. आमच्या घरापासून ते सकाळच्या फेरीच्या टप्प्यात आहे. बरोबर त्याचे जुने यंत्र आणि एका परिचितांकडून मागून आणलेले नवे. तलावाच्या काठावर एकाच दगडावर दोन्ही ठेवली, दहा मिनिटे थांबलो आणि आकडे उतरवून घेतले. घरी येऊन अंतर काढले, तर ते जवळजवळ दीडशे मीटर! बिचारा म्हणाला, "म्हणजे जुने बिघडलेच आहे." ते बिघडले नव्हते. त्याचा पहिला मालक जुने सरकारी नकाशे वापरीत असावा. त्याने यंत्रातील 'डेटम', म्हणजे मोजणीचा मूळ आधार, 'इंडियन' असा लावून ठेवला होता.

इथे थोडे विषयांतर करतो, कारण ही गोष्ट आमच्या अंगणातली आहे. पृथ्वी गोल आहे म्हणून भागत नाही. ती किती चपटी, तिचा मध्य कोठे मानायचा, हे ठरविल्यावाचून अक्षांश-रेखांशाला अर्थ नाही. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे काम करता करता विल्यम लॅम्बटन १८२३ साली हिंगणघाटला वारला. वर्धेकडच्या वाचकांना त्याचे थडगे ठाऊक असेल. त्याचा वारस जॉर्ज एव्हरेस्ट. त्याने भोपाळच्या उत्तरेस सिरोंजजवळ पायारेषा मोजली आणि १८३० चे त्याचे पृथ्वीचे माप पुढे आपल्या नकाशांचा आधार झाले. त्या नकाशांचा आरंभबिंदू सिरोंजजवळचे कल्याणपूर, आजच्या विदिशा जिल्ह्यातले. एव्हरेस्टने ते माप भारताच्या भूमीला चपखल बसेल असे बेतले होते. उपग्रहांना मात्र साऱ्या पृथ्वीचा मध्य लागतो. म्हणून जीपीएस 'डब्ल्यूजीएस-८४' हा निराळा आधार धरते. भारतीय सर्वेक्षण विभागानेही २००५ च्या नकाशा-धोरणानंतर सर्वसामान्यांसाठीचे नकाशे याच आधारावर काढले. दोन्ही मापे आपापल्या जागी खरी. एकाचा आकडा दुसऱ्याच्या नकाशावर मांडला की फसगत. हर्णैच्या बाजूलाही हा फरक शंभर मीटरांहून अधिक भरतो. सुवर्णदुर्गाभोवतीच्या खडकांतून रात्री होडी आणणाऱ्याला शंभर मीटर म्हणजे काय, हे मी त्याला सांगावे असे नव्हते.

यंत्रात 'डब्ल्यूजीएस-८४' आणि 'अंश व दशांश मिनिटे' असे लावून दिले, तशी दोन्ही यंत्रे पाच-सात मीटरांत एकमेकांशी जुळली. मग नवे घ्यायचे कशाला? त्याला कारण होते. जुन्याच्या सेलच्या खणात खारे पाणी शिरून पितळ हिरवे पडले होते.

निवडीचा विचार आम्ही तीन रात्री केला. दुकानदार प्रथम पडद्याचा आकार आणि रंग दाखवितो. लहान होडीवर सूर्य डोक्यावर असताना तो पडदा वाचता येतो का, हे पाहावे. दुकानातल्या दिव्याखाली सारेच सुंदर दिसते, म्हणून यंत्र रस्त्यावर उन्हात नेऊन बघावे. ओल्या, माशांच्या खवल्यांनी माखलेल्या बोटांना स्पर्शाचा पडदा जुमानत नाही. दाबायच्या कळा असलेले बरे. 'आयपीएक्स-७' असे लिहिलेले यंत्र एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरते. पण ते तरंगते असे त्यातून निघत नाही. तरंगणारे निराळे मिळते, नाहीतर दोरीने स्वतःला बांधावे. बसविलेले मोठे यंत्र बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालते आणि खोलीही दाखविते. याच्या होडीत ती बॅटरी इंजिनाशीच जोडलेली, आणि इंजिन रुसले की घरातले सारेच रुसते. म्हणून हातातले, बाजारात कोठेही मिळणाऱ्या पेन्सिल सेलवर चालणारे यंत्र आम्ही पसंत केले. आल्या वाटेने परत नेण्याची सोय आणि माणूस पाण्यात पडल्याक्षणी ती जागा टिपून ठेवणारी कळ, या दोन गोष्टी त्यात हव्याच. बाकीच्या पन्नास सोयी तो वर्षभरात एकदाही वापरणार नाही.

मोबाईल पुरत नाही का, असे माझ्या मुलाने विचारले. मोबाईलला आपली जागा समजायला टॉवर लागत नाही, हे खरे. नकाशा आधी उतरवून घेतला असेल तर तो चांगली साथ देतो. पण त्याच्यावर संवादाचाही भार आहे, आणि अडचणीच्या रात्री तो त्यासाठीच राखून ठेवावा. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक त्यावरूनच लावायचा आहे. आपल्या 'नाविक' उपग्रहांविषयीही त्याने विचारले. २०१३ पासून सोडलेल्या पहिल्या उपग्रहांचे संदेश साधारण यंत्रांना वाचता येत नसत. २०२३ च्या मे महिन्यात गेलेल्या उपग्रहापासून सर्वत्र वापरात असलेली लहरही दिली जाऊ लागली. यंत्र ते वाचीत असेल तर उत्तम, पण तेवढ्यासाठी जास्त दाम मोजू नये. परदेशातील आप्तांनी उपग्रहामार्फत निरोप धाडणारे यंत्र भेट म्हणून आणले, तर ते मात्र घेऊ नये. परवान्यावाचून ते बाळगणे आपल्याकडे गुन्हा आहे.

खर्चाचा हिशेब मांडताना मी यंत्राच्या वर चार ओळी आधी लिहिल्या: होडीतल्या प्रत्येकाला एक तरणजाकीट आणि त्याच्या मुलाला त्याच्या मापाचे, जलरोधक विजेरी, शिट्टी, साधे होकायंत्र. भोपाळकरांना याचे कारण सांगायला नको. १३ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे खटलापुरा घाटावर गणपती विसर्जनाला गेलेली नाव उलटली आणि ११ तरुण गेले. छोटा तलाव तो. किनारा डोळ्यांसमोर होता. कोणाला आपण कोठे आहोत हे विचारायचे नव्हते. त्या वर्षी आमच्या गल्लीतल्या आरतीला कोणी झांज वाजविली नाही.

यंत्र घेतले. त्याच्या पाठीवर मी पांढरी पट्टी चिकटवून काळ्या शाईने लिहून दिले, 'डब्ल्यूजीएस-८४, दशांश मिनिटे'. तशीच चिठ्ठी हर्णैच्या घरात दूरध्वनीच्या वहीवर आणि शेजाऱ्याच्या होडीतही लावायला सांगितली, कारण अर्धे यंत्र ऐकणाऱ्याकडे असते. सांगताना 'दशांश' हा शब्द उच्चारायचा, आणि ऐकणाऱ्याने सारे आकडे पुन्हा वाचून दाखवायचे, एवढा नेम ठरला.

जून-जुलैची मासेमारीबंदी सरली, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला गेला. त्यानंतरच्या रविवारी सकाळी साडेसहाला आमच्या घरी घंटी वाजली. तिकडून इंजिनाचा आवाज आणि त्यावर ओरडून बोलणारा मुलगा: "आजोबा, लिहून घ्या. सतरा अंश, अठ्ठेचाळीस दशांश दोन शून्य मिनिटे उत्तर..." मी चष्मा शोधीत होतो, तोवर त्याच्या आजीने वाण्याच्या वहीमागे सारे टिपले आणि त्याला पुन्हा वाचूनही दाखविले.