झाडांनाही खातेवही हवी

भायखळ्याच्या राणीबागेत रविवार घालवून घरी परतलेले कुटुंब शेजाऱ्यांना काय सांगते? पेंग्विन पाहिले, पोरे दमली. झाडांचा विषय निघालाच तर ‘सावली छान होती’, एवढेच. वास्तविक १८६२ साली ही बाग खुली झाली ती वनस्पतिउद्यान म्हणून; प्राणी मागाहून आले. आफ्रिकेची गोरखचिंच, ब्रह्मदेशाची उर्वशी, दक्षिण अमेरिकेचा कैलासपती असे दूरदेशीचे पाहुणे तिथे आहेत. त्यांची ओळख कोण करून देणार?

आयुष्यभर बँकेत काढल्यामुळे मला एक ठाऊक आहे. पैसा तिजोरीत असतो, पण बँक चालते ती खातेवहीवर. साधा बगीचा आणि वनस्पतिउद्यान यांत नेमका हाच फरक आहे. उद्यानात प्रत्येक झाडाला क्रमांक हवा. रोप कुठून आले, कधी लावले, केव्हा वठले, याची नोंद हवी. कोलकात्याजवळचे शिबपूरचे उद्यान १७८७ सालचे. तिथल्या प्रसिद्ध वटवृक्षाचे बुरशीने पोखरलेले मूळ खोड १९२५ साली काढले. वड मात्र पारंब्यांवर आजही उभा आहे. ही हकिकत आपल्याला कळते, कारण ती कुणीतरी नोंदवून ठेवली.

मात्र वही कपाटात कुलूपबंद राहिली तर उपयोग काय? झाडावरच्या पाटीवर नुसते लॅटिन नाव नको. कैलासपतीची फुले थेट खोडावर येतात, गोरखचिंचेचे फूल रात्री उमलते आणि वटवाघळे त्याच्याकडे येतात, हे मराठीत दोन ओळींत लिहा. झाडांशी रोजचा संबंध माळ्यांचा. रविवारी तासभर त्यांनाच लोकांशी बोलू द्या. तो वेळ कामाचा धरा आणि त्याचा मोबदलाही द्या. शाळेच्या एकेका वर्गाकडे एकेक झाड सोपवा. पालवी, फूल, फळ यांची वर्षभराची नोंद मुलांनी ठेवावी.

खर्चाचे काय, असे कुणी विचारील. पाट्या, वह्या आणि माळ्यांचा तासभर यांना फार पैसा लागत नाही. लागते ती इच्छा. आणि हा प्रश्न केवळ ज्ञानाचा नाही. २००७ साली राणीबागेच्या पुनर्विकासाचा आराखडा पुढे आला, तेव्हा झाडे नावानिशी ओळखणारे नागरिक विरोधाला उभे राहिले. ज्याचे नावच ठाऊक नाही, त्याच्यासाठी कोण भांडणार? बिननावाच्या झाडावर कुऱ्हाड पडली, तर आपल्याला फक्त ऊन वाढल्यासारखे वाटेल.